धिंगरीचा धूर

डॉक्टर फाईल चाळत होते, तोवर मालननं त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पोटाला हात लावला.

शाळेत असतं तसं ते मॉडेल होतं. जठर, आतडी, यकृत, सगळं रंगीत आणि एकात एक बसवलेलं. मालनला हात गप्प ठेवून बसता यायचं नाही. तिनं एक पिवळा तुकडा बोटानं हलवून बघितला आणि तो निघून तिच्या हातात आला. परत बसवायला गेली तर बसेना. तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर केली, तशी तिनं मूठ पदराखाली घेतली आणि वर्गात सापडलेल्या पोरीसारखी ताठ बसली.

"स्वादुपिंड," डॉक्टर म्हणाले. "गाठ तिथं आहे. आणि आता ती फक्त तिथंच राहिलेली नाही."

"ते कुठं असतंय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी मॉडेल आमच्याकडं फिरवलं, बोट पुढं केलं आणि थांबले. टेबलाखाली वाकून बघितलं. फाईल उचलून बघितली. मग मॉडेलातल्या रिकाम्या जागेत बोट घालून म्हणाले, "इथं असतं."

मालनचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांना वाटलं ती रडतेय. त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला. ती हसू दाबत होती हे फक्त मला कळत होतं, आणि मला त्या वेळी हसूही येईना आणि तिच्याकडं बघवेना.

ऑपरेशनची वेळ गेली होती. डॉक्टरांनी ते नीट समजावून सांगितलं, चांगला माणूस होता. उन्हाळा निघेल म्हणाले. पावसाळ्याचं सांगता येत नाही.

"मार्च निघंल नव्हं?" मालननं विचारलं.

"मार्च निघेल."

"मग झालं," ती म्हणाली आणि उठली. एस.टी.त जागा मिळाल्यावर म्हणावं तसं म्हणाली.

कोल्हापुरातनं आम्ही आजऱ्याची गाडी धरली. गाडी शहराबाहेर आली तशी तिनं माझ्यापुढं मूठ उघडली.

"आवो, हे बघा."

मक्याच्या कणसासारखा, खडबडीत, पिवळा तुकडा. बोटाएवढा.

"हे काय?"

"डॉक्टरचं स्वादुपिंड. माझ्याकडंच ऱ्हायलं."

"अगं, मग परत द्यायचं नाही होय?"

"काय म्हणून देऊ? घ्या डॉक्टर, काढून आणलंय, आता बघा बरं हाय का, म्हणून?"

आधी ती हसली. मग मी. मी हसायला नको होतं, पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना. ती खिडकीकडं तोंड करायची, जरा शांत व्हायची, मग तिला डॉक्टरांचं टेबलाखाली वाकणं आठवायचं. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला.

"काय मावशी, आमाला बी सांगा की. आमी बी हासतो."

"डॉक्टरनं सांगितलं, काय न्हाई म्हणून," मालन म्हणाली.

"मग पेढं द्या."

"उद्या या घरला. लेकीचं डोहाळजेवण हाय."

कंडक्टर गेल्यावर ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, आवाज मात्र बदलला होता.

"आता ऐका. उद्या संध्याकाळपातूर सारिकाला ह्यातलं काय बी कळायचं न्हाई. उद्याच न्हवं, बाळंत होईपातूर न्हाई."

सारिका आमची एकुलती एक. तिला सातवा महिना होता, मार्चमध्ये दिवस भरणार होते. आधीच्या खेपेला तिचा दीर मोटरसायकलवरनं पडल्याचा फोन आला आणि त्या धक्क्यानं पाचव्या महिन्यातच सगळं गेलं होतं. तेव्हापासून तिच्या कानावर काही वाईट जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"रडायचं न्हाई," मालन म्हणाली. "तुमी बी न्हाई, मी बी न्हाई. माझं डोळं जरा लाल दिसलं तरी ती वळखती. बारकी असल्यापासनं वळखती."

"बरं."

"आज हासून घेतलं ते झालं. उद्याचा दिवस काढायचा."

ती गाडीत रडली नाही. मीही नाही. पिवळा तुकडा तिनं पर्समध्ये घातला आणि चेन लावली.

घरी सारिका दारातच उभी होती. तिच्या मागं शेजारची हिराक्का. आम्ही तपासण्यांसाठी दोन-तीन दिवस कोल्हापुरात राहिलो होतो, तेवढे दिवस हिराक्काच सारिकाच्या सोबतीला होती. हिराक्काला सगळ्यातलं सगळं कळायचं आणि डोहाळ्याची गाणी म्हणायला तालुक्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती.

"काय म्हणाले गं?" सारिकानं विचारलं.

"पित्त," मालन म्हणाली. "चहा बंद कर म्हणाले."

"बघ!" हिराक्का म्हणाली. "मी वरीसभर बोंबलतीया, चहा कमी कर, चहा कमी कर. माझं ऐकायचं न्हाई आणि डॉक्टरला पैसे द्यायचे."

"व्हय बाई, तुझंच ऐकायला पायजे हुतं."

सारिका माझ्याकडं बघत होती. मी चपला काढायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

चहा न घेता मालन घरामागच्या परड्यात गेली. मीही तिच्या मागं गेलो. परड्यात आमचा जुना गोठा होता. म्हैस विकल्यावर मालननं बचत गटाचं प्रशिक्षण घेऊन तिथं धिंगरी लावायला सुरुवात केली होती. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी पांढरी अळंबी. भाताचं पिंजर गरम पाण्यातनं काढून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचं, त्यात थरांनी बी टाकायचं आणि पिशव्या आढ्याला टांगायच्या. दाराला ओली गोणपाटं. पिशव्यांना पाडलेल्या भोकांतनं धिंगरीचे गड्डे बाहेर येतात. त्यांची कड वर वळायच्या आत काढणी करावी लागते, एक दिवससुद्धा थांबता येत नाही. आम्ही तर कोल्हापुरात होतो. सारिकाला मालन गोठ्यातल्या धुळीजवळ फिरकू देत नसे आणि हिराक्काला अळंबीची भीती वाटायची.

मालननं गोणपाट बाजूला केलं आणि आम्ही दोघं दारातच थांबलो.

सगळी धिंगरी फुलून ताटाएवढी झाली होती. कडा वर वळलेल्या. आणि दोऱ्या, पिशव्या, जमीन, बादली, सगळ्यावर पांढरं बसलेलं. पिठाच्या गिरणीत गेल्यासारखं वाटलं.

"हे पीठ कुणी सांडलं?" मी विचारलं.

"पीठ न्हवं. बी हाय तिचं. दार लावा."

वीज गेलेली होती. त्या आठवड्यात संध्याकाळचं भारनियमन होतं. मालननं कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि एका मोठ्या गड्ड्यावर बाजूनं उजेड टाकला. छत्रीच्या खालनं धूर निघत होता. आग नाही, काही नाही, वाराही नाही. बारीक पांढरा धूर, सावकाश, खालनं निघून बाजूला वळत होता आणि उजेडात तरंगत होता.

लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्या गोठ्यात मी कधी दहा मिनिटं उभा राहिलो नव्हतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सकाळी दुकान, रात्री घर.

"हे कसं काय निघतंय?" मी म्हणालो.

"वाका. खालनं बघा. पापुद्रे दिसत्यात नव्हं? पुस्तकाच्या पानांगत?"

"दिसतात."

"हर पापुद्र्याच्या दोन्ही अंगाला बी लागतंय. एकेकटं डोळ्याला दिसत न्हाई. पिकलं की त्याच्या बुडाशी पाण्याचा थेंब धरतोय. थेंब फुगतोय, फुगतोय, आणि बियाच्या अंगावर सांडतोय. त्या धक्क्यानं बी उडी मारतंय."

"केवढी उडी?"

"मधल्या जागेपुरती. कमी पडली तर आपल्याच पापुद्र्याला चिकटंल, जास्त झाली तर समोरच्यावर आदळंल. बरोब्बर मधी येतंय. आणि मग सरळ खाली."

"आणि खाली आल्यावर?"

"मग वारा नेतोय."

"बंद गोठ्यात कुठला वारा?"

तिनं माझा हात धरला आणि छत्रीच्या खाली नेला. हाताला गार लागलं. बाहेरच्यापेक्षा गार.

"तिच्या अंगातलं पाणी हवेत उडून जातंय, त्यानं गारवा सुटतोय. गार हवा जड. ती खाली सरकती, बाजूला पसरती. एवढासाच वारा, पण तिचा तिनं केलेला. कुणी फुंकर घालायला नको." तिनं बॅटरी माझ्या हातात दिली. "ट्रेनिंगच्या बाईंनी सांगितलं तवा मला बी खरं वाटलं न्हवतं. मग मीच बॅटरी घिऊन बसले एक दिस. भाकऱ्या करपल्या हुत्या, तुमी बोलला हुता."

"मग सांगायचंस की का करपल्या."

"काय सांगू? धिंगरी धूर सोडत हुती म्हणून? तुमी मला मिरजेला येड्यांच्या दवाखान्यात नेऊन टाकलं असतं."

मला शिंक आली. मग दुसरी. मग तिला. आम्ही दोघं शिंकतोय आणि हसतोय. डोळ्यांतनं पाणी. तिनं बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर मारला.

"डोळे बघा तुमचे. सारिका म्हणंल आप्पा रडून आले."

"तुझेही तसेच झालेत."

"व्हय?" ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि पदराकडं बघत जरा उभी राहिली. मग म्हणाली, "चला, कामं हायत."

काढणी करायला आता वेळ नव्हता. सकाळी स्वयंपाक, दुपारी माणसं. सारिकाच्या सासरचे येणार होते आणि झोपाळा फणसाच्या झाडाला, म्हणजे गोठ्याच्या दारासमोरच टांगायचा ठरला होता. मालन म्हणाली, गोठ्याच्या मागच्या भिंतीला पंखा बसवा, सगळी हवा शेताकडं जाऊ दे.

दुकानात एका पोल्ट्रीवाल्याचा एक्झॉस्ट फॅन नव्यानं रिवाइंड करून ठेवलेला होता. तो आणला, भिंतीतल्या जुन्या झरोक्यात बसवला, तारा जोडल्या. आजऱ्यात कुणालाही विचारा, माझ्या दुकानातनं मोटार बाहेर पडली की तिच्यावर तांबड्या ऑइलपेंटनं बाण काढलेला असतो, मोटार कुठल्या बाजूला फिरते त्याचा. फिरवून बघितल्याशिवाय मी बाण काढत नाही. सिंगल फेजच्या मोटारीत गुंडाळीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. त्या संध्याकाळी वीज नव्हती आणि माझं डोकं त्या प्लॅस्टिकच्या पोटातल्या रिकाम्या जागेत अडकलं होतं. मी बाण काढला आणि खाली उतरलो.

मालननं तेवढ्यात एक चांगलीशी धिंगरी तोडली होती. तिचा देठ कापून फणसाखालच्या काळ्या पाट्यावर, मसाला वाटायच्या दगडावर, ती पालथी ठेवली आणि वर स्टीलची वाटी झाकली.

"हे कशाला?"

"सकाळपातूर बी पडतंय दगडावर. पापुद्र्यांचं चित्र उमटतंय. सारिकाला आत येता येत न्हाई. बाहेरनं तरी बघू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई आल्या. अनुसयाबाई, नेसरीच्या. काळी इरकल नेसलेल्या, कडक कांजी केलेली. बाई मनानं वाईट नव्हती, पण कुठल्याही कार्यक्रमात त्यांना एक गोष्ट चुकलेली सापडायलाच लागायची, नाहीतर त्यांना जेवण जायचं नाही. त्यांच्याबरोबर टेम्पो भरून बायका होत्या.

झोपाळ्याला झेंडूच्या माळा. सारिका हिरव्या साडीत, गळ्यात, हातात, केसांत फुलांचे दागिने. हिराक्का गात होती. ओटी भरून झाली. मालन सगळ्यांत पुढं. कुणाला पाणी, कुणाला पान, कुणाची थट्टा. तीन-चार दिवस जिनं धड खाल्लं नव्हतं ती बाई हीच, असं कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. सारिका मात्र मधूनमधून तिच्याकडं बघत होती. झोपाळ्यावरनं, गाण्याच्या मधेच. मी ते बघत होतो.

मग वाट्यांची वेळ आली. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी. बाईनं न बघता एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हिराक्कानं वाट्या मांडल्या होत्या झोपाळ्याजवळच्या त्या काळ्या पाट्यावर. तिथं आधीच एक वाटी पालथी होती. हिराक्काला वाटलं मालननंच काहीतरी ठेवलंय, म्हणून तिनं आपल्या दोन वाट्या तिच्या दोन्ही बाजूंना नीट मांडल्या.

"तीन कशा?" एक बाई म्हणाली.

"जुळं असंल तर?" हिराक्का म्हणाली. तिला माहीत नाही असं ती कधी म्हणायची नाही.

"उचल बाय," विहीणबाई म्हणाल्या. "देवाचं नाव घे आणि उचल."

सारिकानं डोळे मिटले, हात पुढं केला आणि मधली वाटी उचलली.

खाली कोमेजलेली धिंगरी. कुत्र्याच्या कानासारखी.

हिराक्कानं गाणं अर्ध्यावर सोडलं. विहीणबाई पुढं वाकल्या, मागं झाल्या, परत पुढं वाकल्या.

"हे काय हाय?"

मालन म्हणाली, "पोरगा बी न्हाई, पोरगी बी न्हाई. विहीणबाई, तुमास्नी धिंगरी झाली!"

सारिका अशी हसली की झोपाळ्याच्या माळा गळून पडल्या. तिला हसताना बघून बाकीच्या बायका सुटल्या. फक्त विहीणबाई हसल्या नाहीत.

"चेष्टा व्हय ही? सातव्या महिन्यात, भरल्या ओटीवर, कुत्र्याची छत्री?"

"कुत्र्याची न्हवं, माझी हाय," मालन म्हणाली आणि तिनं धिंगरी अलगद उचलली.

काळ्या दगडावर पांढरं चित्र उमटलं होतं. पंख्याच्या आकाराचं, रेघेला रेघ लागून, केसाएवढ्या बारीक रेघा, एका टोकाकडनं सगळीकडं पसरत गेलेल्या. बायका वाकून वाकून बघायला लागल्या.

"अगं बया! रांगोळी कुणी काढली ही?"

"हिनंच. रात्रभर बसून काढली."

सारिकानं आईकडं बघितलं. मालन म्हणाली, "तुला दाखवायला ठेवली हुती."

विहीणबाईंनी बोट लावून बघितलं. चित्र फिसकटलं. त्यांनी बोटाचा वास घेतला आणि त्यांना शिंक आली.

"तरीच!" त्या म्हणाल्या. त्यांना चुकलेली गोष्ट सापडली होती. "मगापासनं मी म्हणती हा कसला वास. त्या गोठ्यातनं येतोय. आवो पाव्हणं, पंखा बसवलाय म्हणता नव्हं? मग लावा की. का तो बी दाखवायला ठेवलाय?"

वीज आलेली होती. बटण गोठ्याच्या दाराशेजारी होतं. हवा खेळावी म्हणून मी दाराची गोणपाटं वर गुंडाळली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. छान फिरला, आवाजसुद्धा नाही. आणि शेताकडची हवा आत ओढून त्यानं गोठ्यातलं सगळं दारातनं बाहेर सोडलं.

पिशव्यांवरचं, दोऱ्यांवरचं, जमिनीवरचं, छत्र्यांच्या खालचं, सगळं उठलं आणि पांढरा ढग होऊन झोपाळ्याकडं निघाला. उतरत्या उन्हात तो एवढा दाट दिसत होता की एका बाईनं आग आग म्हणून बोंब मारली. विहीणबाई पहिल्या. त्यांची काळी इरकल बघता बघता राखाडी झाली. भुवया पांढऱ्या झाल्या. त्या "पाव्हणं" म्हणायला तोंड उघडायच्या आणि शिंकायच्या. बायका पदर तोंडाला लावून इकडं तिकडं पळतायत, एकमेकींवर आदळतायत, शिंकतायत, सगळ्यांच्या डोळ्यांतनं धारा. हिराक्काला वाटलं गाणं अर्ध्यावर सोडलं म्हणून हे झालं. तिनं ते परत धरलं आणि प्रत्येक ओळीला दोनदा शिंकत पुढं न्यायला लागली.

ढग पुरता पोचायच्या आत मालन झोपाळ्यापाशी होती. तिनं सारिकाचं तोंड आपल्या पोटाशी घेतलं, वर दुहेरी पदर टाकला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "नाक दाबून धर," म्हणाली. "हलू नको. बाहेर येऊ नको."

"पंखा बंद करा!" विहीणबाई ओरडल्या.

माझं बोट बटणावरच होतं. मी दाबणारच होतो. मग मला मालनचं तोंड दिसलं.

ती रडत होती. डोळ्यांत धूळ गेल्यावर येतं तसं पाणी नव्हतं. तोंड उघडं, मान मागं, लहान पोर रडतं तशी. आवाज होता, पण त्या गोंधळात कुणाला ऐकू जाणार? सगळेच तसे दिसत होते. सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांची नाकं वाहतायत. तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सारिकाला पदराखालनं काही दिसत नव्हतं. मालननं तिच्या डोक्यावर गाल ठेवला होता आणि ती रडत होती.

"आवो पाव्हणं! बंद करा की!"

"बटण अडकलंय!" मी म्हणालो.

"मग तार उपटा!"

"उपटतो, उपटतो!" मी म्हणालो आणि बटणाशी खोटीच खटपट करत राहिलो. पाठ त्यांच्याकडं केली, म्हणजे माझंही कुणाला दिसायला नको. गोठ्यातनं गार हवा तोंडावर येत होती.

थोड्या वेळानं मी मागं वळून बघितलं. मालननं डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडं बघत होती. तिनं मान हलवली. मी बटण दाबलं.

धूळ खाली बसली. सगळं परडं पांढरं. माणसं पांढरी, फणस पांढरा, जेवणाच्या पत्रावळी पांढऱ्या. विहीणबाई मधोमध उभ्या होत्या. त्यांनी हात वर करून बघितले, पदर बघितला.

"पाव्हणं," त्या सावकाश म्हणाल्या, "जेवायला बोलावलंसा का धुरळणी करायला?"

आणि त्यांनाच हसू फुटलं. मग कुणीच थांबेना. एकमेकींची तोंडं बघायच्या आणि पोट धरून खाली बसायच्या. हिराक्कानं गाणं शेवटपर्यंत नेलं होतं, त्याचा तिला फार अभिमान वाटत होता.

सारिका पदराखालनं बाहेर आली. फुलं चुरगळलेली, पण तोंड स्वच्छ. तिनं आईकडं बघितलं.

"आई, तुझे डोळे बघ किती लाल झालेत."

"माझं काय बघतीस?" मालन म्हणाली. "तुझ्या सासूचं बघ आदी."

सारिकानं बघितलं आणि परत हसायला लागली.

दुसरी वाटी उचलली त्यात बर्फी निघाली. झाली मुलगीच.

मालननं मार्च बघितला. नातीला मांडीवर घेतलं, बारशाला पाळण्याची दोरी ओढली. त्यानंतर एके दिवशी सारिकाला जवळ बसवून आम्ही सांगितलं. रिपोर्ट आत्ताच आला म्हणून सांगितलं. मालननं तसंच ठरवलं होतं. प्लॅस्टिकचा तुकडा तिनं पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला होता. "पर्समधी गेला हुता चुकून," म्हणाली. डॉक्टरांनी तो मॉडेलात बसवून बघितला. त्यांनाही बसवता येईना.

पावसाळा तिनं बघितला नाही.

शेवटच्या दिवसांत एकदा पडल्या पडल्या मला म्हणाली, "त्या दिशी बटण खरंच अडकलं हुतं?"

"नाही."

"मला वाटलंच." मग म्हणाली, "बरं केलंसा. कुठं जाऊन रडावं हेच मला कळत न्हवतं."

आता नात शाळेत जाते. दर वाढदिवसाला ती सारिकाला धिंगरीच्या धुराची गोष्ट सांगायला लावते. सारिका विहीणबाईंच्या शिंका काढून दाखवते, हिराक्काचं गाणं म्हणते. सांगून झालं की माझ्याकडं बघते आणि म्हणते, "आप्पा, त्या दिवशी आई किती हसली. तेव्हा आपल्याला काहीच माहीत नव्हतं. तो एक दिवस तरी तिला पूर्ण मिळाला."

मी हो म्हणतो.

दुकान मी बंद केलंय. गोठ्यात थोड्या पिशव्या अजून लावतो. काढणी वेळेवर करतो, पण एखादा गड्डा तसाच ठेवतो. त्याच्या कडा वर वळल्या, खाली धूर दिसायला लागला की पंखा लावतो आणि दारात बसतो. डोळे लाल झाले तर कुणी काही विचारत नाही.

मागच्या महिन्यात सारिका आली होती. पंख्यावरचा तांबडा बाण बघून म्हणाली, "आप्पा, सगळ्या तालुक्याच्या मोटारी नीट केल्यात आणि घरचा पंखा अजून उलटाच. दोन तारा तर बदलायच्यात."

"बदलतो की," मी म्हणालो.

तारा अजून बदललेल्या नाहीत. सारिकालाही अजून सांगितलेलं नाही.